सामाजिक शास्त्राच्या तासाला मोबाइल, नकाशे आणि खेळ : गोव्यातल्या नव्या शिक्षकांसाठी

माझ्या पहिल्या 'डिजिटल' तासाची गोष्ट आधी सांगून टाकतो. सत्तरीतलं एक हायस्कूल, आठवीचा वर्ग, विषय गोवा मुक्ती. भिंतीवर प्रोजेक्टर आणि काहूट या ऑनलाइन प्रश्नमंजुषेच्या खेळावर रात्री जागून केलेले पंधरा प्रश्न. मुलं ओरडत होती, बाकांवर चढत होती, शेजारच्या वर्गातल्या टीचर दोनदा डोकावून गेल्या. मला वाटलं, जमलं. तास संपताना पहिल्या आलेल्या मुलाला सहज विचारलं, "गोवा कधी मुक्त झाला रे?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, तांबडो त्रिकोण."

काहूटमध्ये प्रत्येक पर्यायाला एक रंग आणि एक आकार असतो. पोराने तो अचूक लक्षात ठेवला होता. तारीख मात्र डोक्यात शिरलीच नव्हती.

त्यानंतर बऱ्याच चुका केल्या, काही सुधारल्या. तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, पाचवी ते दहावीला इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र शिकवत असाल आणि शाळेत साधनं बेताचीच असतील, असं धरून पुढचं लिहितो.

१. आधी मोजदाद करा

"घरी स्मार्टफोन आहे का?" असं वर्गात विचारू नका. सगळे हात वर येतात. नसलेलाही वर करतो, कारण शेजारी मित्र बसलेला असतो. त्याऐवजी एक चिठ्ठी द्या आणि तीन गोष्टी लिहून घ्या : घरातला फोन कुणाकडे असतो, तुला तो किती वाजता मिळतो, आणि घरात रेंज कुठे येते. माझ्या वर्गात बहुतेकांचा फोन वडिलांबरोबर कामावर जात होता आणि रात्री आठनंतर परत येत होता. दोघांच्या घरी रेंज फक्त मागच्या कुळागरात येत होती. हे कळल्यावर 'आज संध्याकाळपर्यंत पूर्ण करा' असला गृहपाठ मी कायमचा बंद केला.

मग शाळेकडे बघा. ढोबळमानाने तीनच परिस्थिती असतात.

तुमच्याकडे फक्त स्वतःचा फोन असेल, तर प्लिकर्स वापरा. त्याबद्दल खाली सांगतो. संगणक आणि प्रोजेक्टर असेल, तर गूगल अर्थपासून सुरुवात करा. संगणक कक्ष मिळत असेल, तर एका यंत्रापाशी दोन मुलं बसवा. तीन बसवलीत तर तिसरा खिडकीबाहेर बघतो.

२. कागद जमवा

हे कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं आहे.

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. कोणत्या इयत्तेला, महिन्यातून किती तास, हे त्यात स्पष्ट असू द्या.
- पालकांचं संमतीपत्र, घरी वाचता येईल अशा भाषेत. इंग्रजीत पाठवलेलं पत्र सहीसकट परत येतं, पण त्यात काय लिहिलंय हे कुणी वाचलेलं नसतं.
- वार्षिक नियोजनाची प्रत, ज्यावर तुम्ही साधन वापरणार ते पाठ खूण करून ठेवलेत.
- संगणक कक्षाचं वेळापत्रक. कोडिंग शिकवणाऱ्या सहकाऱ्याशी आधी चहा प्या, मग तास मागा.
- हजेरी क्रमांकांची यादी. खेळात मुलांची नावं म्हणून हेच वापरायचे.

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण तसा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. मुलांच्या नावाने कुठेही खाती उघडू नका, जन्मतारखा भरू नका. काहूटला विद्यार्थ्याचं खातं लागतही नाही. पिन टाकून, टोपणनाव देऊन आत जाता येतं. आणि टोपणनाव मुलांवर सोडलंत, तर कुणी 'सर' या नावाने खेळेल, कुणी त्याहून वाईट. तेव्हा फक्त क्रमांक : ८अ-१७.

३. प्रश्न आधी, साधन मागून

नव्या शिक्षकाला एखादं ॲप आवडतं आणि मग तो त्यात बसेल असा पाठ शोधत फिरतो. मीही फिरलो. आता वहीत आधी एकच प्रश्न लिहितो. 'हे कुठे आहे आणि तिथेच का?' असा प्रश्न असेल तर नकाशा. 'आधी काय, नंतर काय?' असा असेल तर कालरेषा. 'तू असतास तर काय केलं असतंस?' असा असेल तर खेळ. आणि 'कळलं का?' एवढंच बघायचं असेल तर प्रश्नमंजुषा. चौथा प्रकार सगळ्यांत सोपा, म्हणून सगळे तिथेच अडकतात.

४. नकाशापासून सुरुवात करा

संगणकावर गूगल अर्थ प्रो उतरवून घ्या. मोफत आहे. तीन बटणं शिकलात की पुरे : पिवळी टाचणी (जागा खुणावण्यासाठी), मोजपट्टी (अंतरासाठी) आणि घड्याळ (जुनी उपग्रह चित्रं बघण्यासाठी). घड्याळावर टिचकी मारली की वर एक पट्टी येते. ती मागे सरकवली की तीच जागा काही वर्षांपूर्वी कशी होती ते दिसतं. पावसाळ्यातली चित्रं ढगांनी भरलेली असतात आणि फार जुनी धूसर. कोणत्या वर्षांची चित्रं स्वच्छ आहेत ते घरी बघून कागदावर टिपून न्या. वर्गात शोधत बसलात तर मुलं स्वतःचं घर शोधायला लावतात. (ते पहिल्याच दिवशी पाच मिनिटं लावून द्या. टाळता येत नाही.)

माझे तीन तास वर्षानुवर्षं चाललेत, तुम्हीही घ्या.

पहिला मोपाचा. पेडण्याचं पठार, आणि ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालेला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. घड्याळाची पट्टी मागे नेत चला. हिरवं-तांबूस पठार, मग लाल मातीचे पट्टे, मग धावपट्टी. मुलांना फक्त दोन याद्या करायला सांगा : काय आलं, काय गेलं. मत विचारू नका. याद्या भरल्या की मतं आपोआप येतात आणि तेव्हा ती चित्राला धरून असतात.

दुसरा कुर्डीचा. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं; कुटुंबं वाडे आणि वालकिणीला वसवली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गावाच्या खुणा वर येतात. एप्रिल-मेच्या सुमाराचं एक चित्र आणि पावसाळा संपल्यानंतरचं एक चित्र शेजारी शेजारी ठेवा. दक्षिण गोव्याच्या फार मोठ्या भागात नळाला येणारं पाणी याच धरणाचं. पाठ्यपुस्तकात 'धरणाचे फायदे-तोटे' अशी दोन रकान्यांची चौकट असते. हे दोन फोटो बघितल्यावर त्या चौकटीत मुलं काय लिहितात ते वाचा.

तिसरा माझा सर्वांत लाडका, आणि त्यात उपग्रहाची जुनी चित्रंही लागत नाहीत. दिवाडी बेटावर नार्वे आहे आणि नदीच्या पलीकडे डिचोली तालुक्यातही नार्वे आहे. पोर्तुगिजांनी दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पाडलं, आणि देव नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूला नेला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. दोन्ही जागांवर टाचण्या लावा आणि मोजपट्टीने मधलं पाणी मोजायला सांगा. मग विचारा, एवढं थोडकं अंतर, तरी देव इकडे सुरक्षित कसा? इथे मुलं अडतात. आणि इथेच 'जुनी काबिजाद, नवी काबिजाद' हा पाठांतराचा तक्ता जागा होतो : तिसवाडी, बार्देश, सासष्टी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेलेले, डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा, काणकोण वगैरे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे ती नदी तेव्हा सरहद्द होती. एका मुलीने विचारलं, "मग तेव्हा फेरीबोटीला पासपोर्ट लागायचा?" या प्रश्नावर पुढचा अख्खा तास गेला आणि मी तो जाऊ दिला.

नेट जाण्याची भीती असेल तर आदल्या दिवशी त्याच संगणकावर त्या सगळ्या जागा जवळ जाऊन, दूर येऊन बघून ठेवा. गूगल अर्थ प्रो बघितलेलं चित्र साठवून ठेवतं आणि नेट नसताना तेवढा भाग दाखवतं.

नकाशांतले दोन सापळे. परदेशी नकाशा-खेळांत भारताच्या सीमा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसतात. जम्मू-काश्मीर आणि लडाखभोवती तुटक रेषा दिसतात. वर्गात दाखवण्याआधी स्वतः बघा. भारताचा नकाशा हवा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा किंवा इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा वापरा. दुसरं म्हणजे, गोव्याचे ११ तालुक्यांचे जुने नकाशे नेटवर अजून फिरतात. धारबांदोडा हा बारावा तालुका दिसत नसेल तर तो नकाशा टाकून द्या, नाहीतर त्या तालुक्यातल्या मुलाला तुम्ही त्याचं गावच नाही असं सांगताय.

५. प्रश्नमंजुषा : सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी

*लिपी.* शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका बहुतेक श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतात. त्या उचलून चिकटवल्या की पडद्यावर अगम्य चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, किंवा फोनवर मराठीत बोलून टाइप करवा आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासा. काहूटमध्ये प्रश्नाला १२० अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीत काना-मात्रा-वेलांट्याही त्यात मोजल्या जातात. म्हणून वाक्य छोटं ठेवा.

*वेळ.* काहूट आपणहून २० सेकंद देतं. ते ६० करा. शिवाय प्रत्येक प्रश्नाला 'गुण नाहीत' असाही पर्याय आहे. विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांना तो निवडा. वेगाला गुण मिळाले की वाचणारं मूल हरतं आणि दाबणारं जिंकतं. माझा 'तांबडो त्रिकोण' तिथूनच आला होता.

*चुकीचे पर्याय.* खरी मेहनत इथे. गोवा मुक्तीच्या प्रश्नाला पर्याय म्हणून १८५७, १९२०, १९६१, २००० असे दिलेत तर काही कळत नाही. १९४७, १९६१, १९६७, १९८७ असे द्या. १९४७ ला भारत स्वतंत्र झाला, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर जनमत कौल झाला, ३० मे १९८७ ला घटकराज्य मिळालं. आता प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे एक खरी गोष्ट आहे. १९४७ निवडणाऱ्या मुलांचा स्तंभ उंच दिसला की खेळ थांबवा : "उरलेला देश स्वतंत्र झाल्यावर आपण चौदा वर्षं काय करत होतो?" लोहियांची मडगावची १८ जून १९४६ ची सभा तिथे सांगितली तर ती ऐकली जाते.

*प्लिकर्स.* मुलांकडे फोन नसलेल्या शाळेला हे वरदान आहे. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळतं, त्यावर काळा चौकोनी आकार. कार्डाच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवलात की कुणी काय उत्तर दिलं ते फोनवर उमटतं. प्रत्येक कार्ड वेगळं असतं, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. कार्डं जाड कागदावर छापा, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका. उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला वाचता येत नाही. मी चाळीस कार्डं हौसेने लॅमिनेट करून आणली होती. ती अजून कपाटात आहेत.

*क्विझिझ.* त्याचं नाव २०२५ पासून वेग्राउंड झालंय, जुन्या नावाने शोधून गोंधळू नका. इथे प्रत्येक मूल आपापल्या गतीने जातं, समोर पडदा लागत नाही, म्हणून गृहपाठाला बरं. मुदत किमान तीन दिवसांची ठेवा. रात्री आठनंतर येणारा फोन आठवतोय ना?

मोफत खात्यांच्या मर्यादा सगळीकडे बदलत राहतात. तासाच्या आदल्या दिवशी वर्गसंख्या धरून चाचणी घ्या.

चॅटबॉटकडून प्रश्न करून घेत असाल तर एकेक उत्तर पुस्तकाशी ताडून बघा. एकाने मला सप्तकोटेश्वराचं आजचं देऊळ बिनदिक्कत दिवाडीवर नेऊन बसवून दिलं होतं. दोन नार्व्यांत तो हरवला. नववीच्या वर्गाला मी तेच उत्तर चूक शोधायला दिलं. मोजपट्टी हातात असलेल्या मुलांनी ती लगेच पकडली.

६. जनमत कौल वर्गात खेळा

याला महागडं काही लागत नाही. एक गूगल फॉर्म किंवा प्लिकर्स कार्डं, आणि दोन तास.

पहिल्या तासाला वर्ग गटांत वाटा : पेडण्यातलं एक कूळ, सासष्टीतला एक भाटकार (जमीनमालक), पणजीतला एक कारकून, मुंबईत नोकरी करणाऱ्या तारव्याची (खलाशाची) बायको, मराठी शाळेतला मास्तर. प्रत्येक गटाने ठरवायचं, आपल्या माणसाला काय हवं असेल आणि का. दुसऱ्या तासाला प्रचार, मग मतदान. चिन्हं खरीच ठेवा : विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं. मतदान गुप्त हवं, म्हणून फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद करा.

वर्गाचा निकाल लागल्यावर खरा निकाल दाखवा : केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१. मुलांना वजाबाकी स्वतः करू द्या. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, राज्य पाहिजे असा पर्याय का नव्हता?" नव्हताच. दोनच होते. वीस वर्षांनी जे झालं ते त्या मतपत्रिकेवर नव्हतं, हे मुलांना फार चमत्कारिक वाटतं.

इथे एक सांभाळायचं. आपल्या मराठी घरांत हा विषय अजून थंड झालेला नाही. कुणाचे आजोबा फुलाचे, कुणाचे पानांचे. मुलांना त्यांच्या घरच्या बाजूच्या उलट भूमिका द्या. एकदा मी हे पाळलं नाही आणि दुसऱ्या दिवशी एक आजोबा शाळेत आले. भांडायला नाही, वर्गाला तीन गोष्टी चुकीच्या शिकवल्यात हे सांगायला. त्यातल्या दोन खरंच चुकल्या होत्या. तेव्हापासून मी आजोबांना आधीच बोलावतो.

७. तयार ऑनलाइन खेळ

खूप आहेत, उपयोगाचे थोडे. बहुतेकांत अमेरिकेचं संविधान किंवा युरोपचा इतिहास असतो. मी एकच नेमाने वापरतो : संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-जोखीम कार्यालयाचा 'स्टॉप डिझास्टर्स'. पूर, त्सुनामी, भूकंप वगैरेंतून एक निवडायचं, ठरावीक पैसे आणि वेळ मिळतो, त्यात घरं, शाळा, बंधारे, झाडं यांची सोय करायची. मग आपत्ती येते आणि हिशोब समोर येतो.

खेळ मराठीत नाही. आपल्याकडे मुलं मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेतून येतात आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यम सुरू होतं. खाजनाचा बांध रोज ओलांडून शाळेत येणारा मुलगाही 'एम्बँकमेंट' या शब्दापाशी थबकतो. खेळाआधी दहा शब्द फळ्यावर लिहा : एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला घरचा शब्द. 'स्लूस गेट' समोर 'मानस' लिहिलंत की अर्धा वर्ग हसतो, कारण ती त्यांनी बघितलेली असते.

पुराचा डाव दोनदा खेळू द्या. पहिल्यांदा बहुतेक जण सगळे पैसे भिंतींवर घालवतात. दुसऱ्या डावाआधी जुलै २०२१ मध्ये म्हादईला आलेल्या पुराबद्दल घरी विचारून यायला सांगा : पाणी कुठवर आलं, आधी कुणाला कळलं, गुरं कुठे नेली. मग डाव बदलतो.

८. शेवटची बारा मिनिटं पडदा बंद

घड्याळ लावून ठेवा. प्रोजेक्टर बंद, फोन उलटे, वह्या उघड्या. एकच प्रश्न, उत्तर तीन ओळींत, घरच्या भाषेत चालेल. खेळातल्या क्रमांकाला परीक्षेत गुण देऊ नका. या तीन ओळींना द्या. आठ दिवसांत मुलांना कळतं की कशाला गुण आहेत, आणि मग खेळतानाच ती प्रश्न वाचायला लागतात.

९. वीज गेली तर

जाणारच. जून ते सप्टेंबर तर गृहीत धरा. मी व्हरांड्यात खडूने गोव्याचा नकाशा काढतो : आधी मांडवी आणि जुवारी, मग तालुक्यांच्या सीमा. प्रश्न तेच, पण उत्तर देणाऱ्याने त्या तालुक्यात जाऊन उभं राहायचं. नार्वे ते नार्वे उडी मारायची. तिसवाडीत कायम गर्दी होते, म्हणून ती जरा मोठी काढा. आणि खडूच्या दोन पेट्या कपाटात जास्तीच्या ठेवा, लॅमिनेट केलेल्या कार्डांच्या शेजारी.